पाणी वाढलं

पिशवी सासूबाईंनी शिवली. निळ्या ताडपत्रीची, दोन्ही खांद्यांवर घ्यायची, तळाला दुहेरी टीप घातलेली. "घर उसवलं तर उसवू दे, माझी शिवण उसवायची नाही," म्हणाल्या आणि दोरा दातांनी तोडला. त्यांच्या गुडघ्यांत आता जोर नाही, पण सुई ओवायला अजून चष्मा लागत नाही.

गेले तीन महिने जमीन अधूनमधून कूस बदलत होती. कपाटातल्या कपबश्या आपसांत कुजबुजायच्या आणि आपण वळून पाहिलं की गप्प व्हायच्या. मग नगरपालिकेचं पत्रक आलं: भूकंप झालाच तर उचलून बाहेर पडता येईल अशी एक पिशवी भरून दाराशी ठेवा. पाणी, कोरडा खाऊ, बत्ती, शिट्टी, औषधं, पांघरूण, कागदपत्रांच्या प्रती. वस्तू सासूबाईंनी लावायच्या आणि तारखा मी घालायच्या असं ठरलं. मी औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर बाटल्या उलट्या करून तारखा वाचायच्या. माणूस भेटला तरी मी आधी त्याचा तळ बघते, असं हे म्हणतात.

हे म्हणजे माझा नवरा. नळ, टाक्या, पाईप दुरुस्त करायचं काम. सगळी गल्ली ह्यांना नळोबा म्हणते, आणि हे त्या नावाला ओसुद्धा देतात. आमची मुलगी आठ वर्षांची. मिळेल ते गोळा करून लपवते, म्हणून खारू. पत्रकातली यादी तिच्या लक्षात राहीना, तेव्हा तिच्या आजीने ती ओवीत बसवून दिली:

पहिली घे गं शिट्टी, गळ्यात तिचा दोरा,
दुसरी घे गं बत्ती, डब्यात सुका चारा,
तिसरं घे गं पाणी, झाकण लाव घट्ट,
चौथा घे गं जीव, बाकी सोड हट्ट.

"चारा? आजी, आपण काय गुरं आहोत?"

"जीव वाचवायच्या वेळी गुरंच शहाणी असतात, बाई. ती दागिने शोधत बसत नाहीत."

दर रविवारी सकाळी अकराला सराव. खारू शिट्टी वाजवायची आणि माझ्या मोबाइलवर वेळ लावायची. मी कागदपत्रं आणि सासूबाईंचा हात धरायची, पिशवी ह्यांनी उचलायची, आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली आवारात यायचं. आम्ही तिघी दोन मिनिटांत उतरायचो. सासूबाईंचे गुडघे धरूनसुद्धा. हे मात्र कधी पाच मिनिटांनी यायचे, कधी सहा. पाठीवर पिशवी, हाताला ओल.

"बाबा नापास," खारू ओरडायची.

"एकच ग्लास गं," हे म्हणायचे. "एका ग्लासाला कितीसा वेळ लागतो?"

मला रात्रंदिवस घोर होता तो ह्याच एका ग्लासाचा. खऱ्या दिवशी, भिंती हलत असताना, हा माणूस स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा राहून पाइपात पाणी ओतत असेल.

तो पाईप आमच्या ओट्याला लागून कमरेइतका वर आला आहे. जुना, लोखंडी, अंगठा जेमतेम आत जाईल एवढा. आवारात जमिनीखाली इमारतीची टाकी आहे, तिच्यातून पूर्वी पाणी वर चढवायचे, तेव्हाचा. आता कामातून गेलेला, तोंडाला लाकडी बूच. लोकांच्या घरचे असले पाईप हे बघता बघता कापून टाकतात. स्वतःच्या घरातला दहा वर्षं तसाच ठेवला आहे. रोज सकाळी कामावर निघण्याआधी बूच काढतात, एक ग्लास पाणी हळूच आत सोडतात, थोडं वाकून थांबतात आणि बूच लावतात. लग्न झालं त्या वर्षी मी विचारलं होतं. म्हणाले, "गंजू नये म्हणून." पाणी घालून लोखंडाचा गंज रोखणारा नळवाला मी तरी दुसरा पाहिला नाही.

खरं काय ते मला सासूबाईंनी सांगितलं.

"आमच्यात संपलं म्हणायची रीत नव्हती गं," त्या म्हणाल्या. "मीठ संपलं म्हटलं की घरातली बरकत ऐकते आणि निघून जाते. म्हणून वाढलं म्हणायचं. पीठ वाढलं, तेल वाढलं. दुकानदार नाही का, दुकान बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो? मीच पोरांच्या जिभेला वळण लावलं. चुकून कुणी संपलं म्हटलं की ओठांवर टिचकी मारायचे मी."

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, एका मोठ्या धुलाईघराच्या तळघरात चादरींना इस्त्री करायच्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी, आधीच्या गावी, भूकंपात ती इमारत बसली. मजल्यावर मजला, घडीवर घडी ठेवावी तशी. ढिगाऱ्यातून एक पाईप वर आलेला होता आणि त्यातून वन्संचा आवाज यायचा. त्यातूनच माणसांनी एक बारीक नळी खाली सोडली आणि पाणी दिलं. हे तेव्हा एकोणीस वर्षांचे. पाइपाला कान लावून बसले होते.

"धाकट्या, रडतोयस का रे? नाक ओढल्याचं इथवर ऐकू येतंय."

"नाही ताई. धूळ आहे."

"धूळ माझ्याकडे जास्त आहे. मी रडत्येय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी नळी कुठेतरी चेपली गेली. खालून आवाज आला, "धाकट्या, पाणी वाढलं."

तळघरात धुण्याच्या दोन प्रचंड टाक्या होत्या. त्या फुटतील ही धास्ती सगळ्यांनाच होती. हे उठले आणि ओरडले, "पाणी वाढलंय! आत पाणी वाढलंय!" माणसांनी नळी ओढून काढली. ह्या बाजूचं खणणं थांबवलं, पलीकडून पंप लावले. वन्सं संध्याकाळपर्यंत तेच सांगत होत्या, मग रात्रभर. "वाढलं रे, पाणी वाढलं." आणि हे दर वेळी पाइपात तोंड घालून ओरडत होते, "ऐकलं, ताई! उपसतोय!"

सासूबाईंच्या पायाला प्लास्टर होतं. सकाळी त्यांना खुर्चीत बसवून तिथे आणलं. त्यांनी एकदाच ऐकलं. म्हणाल्या, "अरे, संपलं म्हणतेय ती."

त्या तळघरात पाण्याचा थेंब नव्हता. पंपांनी नुसती धूळ ओढली होती. आणि पाईप तोवर गप्प झाला होता.

तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द नाही. मीठ संपतं, तेल संपतं, सरळ संपतं. ताटात आम्ही वाढत नाही, घालतो. खारूची उंची वाढत नाही, खारू उंच होते. मी नवी नवरी होते तेव्हा पंगतीला "वाढू का?" म्हणाले आणि मायलेकांचे हात ताटावरच थांबले, ते मला अजून आठवतं.

पिशवी भरून एक महिना झाला, तेव्हा मी ती तपासायला काढली. पाण्याच्या सहा बाटल्या होत्या. प्रत्येकीच्या झाकणावरून मानेपर्यंत मी कागदाची पट्टी चिकटवली होती, तीवर तारीख आणि माझी सही. झाकण फिरवलं तर पट्टी फाटणार. पाच बाटल्या भरलेल्या होत्या. सहावी कोरडी. पट्टी शाबूत, सही शाबूत, आणि बाटलीच्या तळाशी चिमूटभर बारीक, राखाडी धूळ.

"अहो, पिशवीतलं पाणी पाइपात घातलंत का?"

"पिशवीला मी हात लावत नाही. ते तुमचं पाणी."

"मग हे काय?"

ह्यांनी बाटली उजेडात धरली. "तहान आहे तिला," म्हणाले. बाहेर ऊन आहे म्हणावं, इतक्या सहज.

मी बाटली पुन्हा भरली. दुसऱ्या महिन्यात दोन कोरड्या निघाल्या. मी प्लास्टिकला दोष दिला, उन्हाला दिला, दुकानदाराला फोन करून चार शब्द सुनावले. सासूबाईंना दाखवलं तर त्यांनी ती धूळ बोटावर घेतली, नाकाशी नेली आणि पदराला पुसली. त्या दिवसापासून त्या जाता-येता पाइपाच्या बुचाला हात लावू लागल्या. तापात असलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

मग एका दुपारी खारू ओट्यापाशी बसून गणितं करत होती. पेन्सिल तोंडात धरून म्हणाली, "आई, पाणी वाढलं म्हणजे काय गं?"

"कुठे ऐकलंस?"

"पाईप म्हणतो."

ह्या मुलीसमोर तो शब्द कधीच कुणी उच्चारला नव्हता. मी तिला सांगितलं की पाईप पोकळ असतो, खालच्या मजल्यावरचं बोलणं वर आणतो. तिला ते लगेच पटलं. मला ते पटायला वेळ लागला. हे घरी आल्यावर तिने त्यांनाही सांगितलं. ह्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. तसेच आत गेले, बूच काढलं आणि एकाच्या जागी तीन ग्लास ओतले.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा दोन कोरड्या. त्या मी भरल्या नाहीत, कारण गावाची जलवाहिनी फुटली होती आणि दोन दिवस नळाला पाणीच नव्हतं. शनिवारी हे आवारातल्या टाकीत काठी घालून आले. "वीतभरच उरलंय," म्हणाले. "जपून वापरा."

रविवार आला. ऊन चांगलं पडलं होतं. समोरच्या गच्चीत कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. सरावाला पाच मिनिटं होती. खारू शिट्टी गळ्यात अडकवून ओट्यापाशी उभी होती.

"पुन्हा म्हणतोय," ती म्हणाली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा बूच काढून पाइपाला कान लावला. लोखंड गार असायला हवं होतं. ते कोमट होतं. आणि खोल, फार खोलवरून एका बाईचा आवाज आला. रडका नाही, घाबरा नाही. कामात असलेल्या बाईने आतल्या खोलीतून सांगावं तसा.

"पाणी वाढलं."

मागून हे आलेच. हातात ग्लास. "सरक," म्हणाले.

"थांबा, पिशवीतलं देते, नळाला नाहीये," म्हणून मी पिशवी उचलायला वाकले आणि खांद्यात कळ आली. पिशवी उचलेना. उघडली तर ताडपत्री आतून ओली. सहाच्या सहा बाटल्या भरलेल्या होत्या. त्या दोन कोरड्याही. गळ्यापर्यंत, झाकणापर्यंत; प्लास्टिक फुगून ताणलेलं, आणि माझ्या सहीखालून थेंब थेंब पाणी पाझरत होतं. पट्टी एकही फाटलेली नव्हती.

मी तिथेच खाली बसले. तारखा वाचणारी बाई मी. अक्षर बदललं की औषध बदलतं, हे मला पक्कं ठाऊक.

"अहो," मी म्हटलं, "तहान नाहीये ही. वाढलंय म्हणतायत त्या. खरंच वाढलंय. हे बघा तरी."

ह्यांनी बाटल्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ह्यांचा चेहरा एकोणीस वर्षांच्या मुलाचा झाला.

"ही चूक मी एकदा केलीय," हे म्हणाले. "दुसऱ्यांदा करायला सांगू नकोस."

"त्या वेळी वेगळं होतं."

"त्या वेळीही मला असंच वाटलं होतं. अगदी असंच. की वाढलंय." ह्यांनी एका बाटलीची पट्टी फाडली. झाकण उघडताच पाणी हातावर उसळून आलं. "ताई, आलं गं, आलं पाणी," असं पाइपात म्हणत हे ओतू लागले.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे वळले. "आई, तुम्ही सांगा ना. तुम्ही वन्संची भाषा ओळखता."

त्यांनी पाइपाकडे पाहिलं. "तेव्हा ओळखली," हळूच म्हणाल्या. "आता कशी ओळखू? शब्दाला कुठे तोंड असतं?" मग माझा हात धरला. "टाकी बघू. तिथे खरं-खोटं कळेल."

खारूने शिट्टी वाजवली. आम्ही तिघी उतरलो. मागे स्वयंपाकघरात पाणी पडल्याचा बारीक आवाज येत होता.

आवारात कुणी नव्हतं. कुंपणावर एकही पक्षी नव्हता. टाकीचं लोखंडी झाकण नेहमी दोघांनी मिळून उचलावं लागतं, ते मी एका हाताने सरकवलं, कारण खालून त्याला काहीतरी उचलून धरत होतं. वीतभर उरलेलं पाणी काठाला आलं होतं. काळं, गुळगुळीत, कोमट वाफ सोडणारं. त्याला काडेपेटीचा वास येत होता. वारा नव्हता, तरी मधोमध एक वर्तुळ उमटायचं, काठाला लागायचं आणि पुन्हा उमटायचं. खाली कुणीतरी बोलत असावं आणि पाणी ते ऐकत असावं, तसं.

मला ओरडायचं होतं. ह्यांच्या नावाने, नळोबा म्हणून, कसंही. पण जीभ टाळ्याला चिकटली होती. सासूबाईंनी खारूला पोटाशी धरलं होतं, दुसरा हात स्वतःच्या तोंडावर. पाणी काठावरून ओघळलं आणि माझ्या पायांच्या बोटांना लागलं. तरीही माझ्या घशातून हवासुद्धा निघेना. वर खिडकी उघडी होती, आणि त्या खिडकीमागे ह्यांची पाठ.

ती पाठ ताठ झाली. हे वळले. खिडकीतून खाली पाहिलं. मग दिसेनासे झाले, आणि जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

हे आवारात आले ते पाठीवर पिशवी, दोन्ही हातांत बाटल्या, अनवाणी. "कुठे आहे? कुठे?" म्हणत थेट टाकीपर्यंत आले. "आवाज इकडून आला."

मी हात धरून ह्यांना ओढलं. कुंपणापर्यंत, मग फाटकाबाहेर, मोकळ्या मैदानात. सासूबाई गुडघे विसरून चालत होत्या. आम्ही मैदानाच्या मध्यावर पोचलो असू, तेवढ्यात जमीन उठून बसली.

किती वेळ ते मला सांगता येत नाही. आधी आवाज, जात्यात दगड भरडावेत तसा. मग आमची इमारत एकदा खांदे उडवून उभी राहिली, आणि तिची मागची बाजू, स्वयंपाकघरांची सगळी रांग, वरपासून खालपर्यंत सुटून आवारात आली. आमचा ओटा मी पाहिला. पाईपही पाहिला, काडीसारखा. मग धूळच धूळ.

धूळ बसू लागली तशी माणसं नावं घेऊन एकमेकांना शोधू लागली. आमच्या इमारतीतले बहुतेकजण रविवारच्या बाजाराला गेले होते. पहिल्या मजल्यावरचे मास्तर पुढच्या जिन्यातून डोक्यावर उशी धरून बाहेर आले आणि उशी सोडायलाच तयार होईनात. खारू माझ्या कमरेला घट्ट बिलगली होती. हे बसले होते, मांडीवर बाटल्या, नजर ढिगाऱ्यावर.

"तूच ओरडलीस ना?" ह्यांनी विचारलं. "खालून. टाकीपाशी. पाणी वाढलं म्हणून. मला वाटलं, आता ती तिकडे आली. पाइपात नाही, बाहेर आली. म्हणून सगळंच पाणी घेऊन आलो."

मी हो म्हणू शकले असते. इतके दिवस मी पाईप पोकळ असतो म्हणत आले, प्लास्टिक खराब म्हणत आले. एक हो म्हणून सगळं पुन्हा जागच्या जागी बसलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "माझा आवाजच फुटला नाही."

ह्यांनी आईकडे पाहिलं. सासूबाईंनी मान हलवली. नाही.

"मग नेमकं काय म्हणत होती ती?" हे म्हणाले. "वाढलं, की..."

"तिने तुला बाहेर बोलावलं," सासूबाई म्हणाल्या. "शब्द कुठला का असेना."

ह्यांच्या डोळ्यांतून धुळीच्या दोन रेघा ओल्या होत खाली आल्या. मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जरा घोटभर मिळेल का?" ह्यांनी पट्टी फाडली आणि बाटली त्यांच्या हातात दिली. मग दुसरी शेजारच्या बाईंना. माणसं येत गेली, बाटल्या ह्या हातातून त्या हातात फिरत गेल्या.

गल्लीच्या टोकाकडून कुणीतरी ओरडत आलं: सकाळीच सांधलेली मोठी वाहिनी पुन्हा फुटलीय, टोकाच्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरतंय, आत दोघं अडकलेत, नळोबा कुठे आहेत?

हे उठले. पिशवीतली बत्ती काढून घेतली. मास्तरांनी पायांतले जोडे काढून पुढे केले, ते घातले. एक बोट मोठेच होत होते.

"व्हॉल्व्ह चौकात आहे," हे मला म्हणाले. "आधी तो बंद करतो. मग त्या दोघांना विचारतो पाणी किती आहे. नीट विचारतो. घोट्यापर्यंत, की गुडघ्यापर्यंत."

आणि ढिगाऱ्याला वळसा घालून, तिकडे मान न वळवता, हे चौकाकडे पळत गेले.